आतून घातलेला अडसर

हारून मंगळवारी पहाटे, पहिल्या बांगेच्या थोडा आधी, वारला. त्या वेळी घरात त्याच्याखेरीज सहा माणसे होती. रस्त्याकडच्या दाराला आतून अडसर आणि कुलूप होते, गच्चीच्या दाराला कुलूप होते, आणि दोन्ही किल्ल्या हारूनचा थोरला भाऊ याईश याच्या कमरपट्ट्यात होत्या. कोणी हंबरडा फोडला नाही. कोणी बाहेर गेले नाही, कोणी आत आले नाही. ऊन समोरच्या भिंतीवर निम्मे उतरले तेव्हा इमामाचा शिपाई दारात उभा राहिला आणि त्याने हारूनची पोर मागितली.

शिपायाचे नाव मुक्बिल. सना शहरातल्या यहुदी वस्तीच्या उत्तर दरवाज्यावर तो अकरा वर्षे बसत आला होता. याईशने दार वीतभर उघडले, तेव्हा तो पायरीवर अनवाणी उभा होता आणि जरा अवघडलेला दिसत होता.

"सकाळ सुखाची असो, थोरल्या."

"तुझीही असो. इतक्या लवकर?"

"म्हातारी कशी आहे?"

"बरी आहे. देवाची कृपा."

त्याच क्षणी आतून त्याच्या आईचा, बद्राचा, खोकला ऐकू आला, आणि मागोमाग, "लुलुआ, चूल पेटली का गं?" हे वाक्य. घरात रोजचे आवाज व्हायला हवेत, असे याईशनेच सगळ्यांना बजावले होते. म्हातारीने ते तंतोतंत पाळले होते.

मुक्बिलने आतल्या आवाजाकडे कान दिला. मग दाढी खाजवली.

"मग हारूनची पोर कुठंय?"

"झोपलीय. हारूनही झोपलाय. ताप आहे त्याला."

"असेल. दुपारच्या नमाजानंतर कारकून येईल, तो बघेल ताप." तो वळता वळता थांबला. "पोरीला तयार ठेवा. तिकडं पोटभर जेवायला देतात. मारत नाहीत."

हे तो दिलासा म्हणून म्हणाला, आणि ते खरेही असावे. त्यामुळेच ते ऐकवेना. तो गेला तेव्हा पायरीच्या दगडावर त्याच्या तळव्यांचे दोन ओले, चिखलाचे ठसे राहिले होते. याईशने ते पाहिले, आणि दार लावून घेतले.

बाप वारलेले यहुदी मूल मुलुखाचा राजा असलेल्या इमामाच्या ताब्यात जाते, हा हुकूम वस्तीत लहानथोरांना पाठ होता. आई हयात असली तरी फरक पडत नसे. मूल अनाथगृहात जाई आणि काही वर्षांनी नवे नाव, नवा धर्म घेऊन बाहेर पडे. बद्राच्या भाच्याची दोन मुले चार वर्षांपूर्वी अशीच गेली होती. त्यांतला थोरला गेल्या हिवाळ्यात मीठबाजारात बद्राच्या अगदी अंगावरून गेला. त्याने तिला ओळखले नाही, किंवा ओळखल्याचे दाखवले नाही. या दोहोंपैकी अधिक वाईट काय, यावर घरात आठवडाभर वाद झाला होता.

म्हणून हारूनच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तेव्हाच, पंधरा दिवसांपूर्वी, बेत ठरला होता. मसऊद कुंभार दर मंगळवारी बायकोला घेऊन मडकी विकायला येई आणि दुपारच्या बांगेला दक्षिण दरवाज्याबाहेरच्या विहिरीपासून गावाकडे परते. हारून असेतो मुलगी त्याच्यापाशी राहील; तो गेला की हमामाने कुंभाराची मुलगी म्हणून गाढवावर बसायचे. गावामागून गाव करत एडन गाठायचे. तिथे तिच्या मामाचे दुकान होते, आणि एडनवर इमामाचा हुकूम चालत नव्हता. बेत ऐकून हारून एवढेच म्हणाला होता, "म्हणजे मला मंगळवारी मरायला हवं." तो शब्दाला जागला. बाकीच्यांनी फक्त दुपारपर्यंत गप्प बसायचे होते.

याईश मधल्या खोलीत आला. आतल्या थंड कोठीत, जिथे एरवी ज्वारी आणि मनुका ठेवत, तिथे हारूनला निजवले होते. कोठीच्या उंबऱ्याशी त्याची बायको नद्रा बसली होती. दहा वर्षांची हमामा तिच्या मांडीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. याईशची बायको लुलुआ चुलीपाशी होती, बद्रा भिंतीशी. सगळ्यांत धाकटा भाऊ शुक्र जिन्याच्या खालच्या पायरीवर होता. त्याने शोकाच्या रीतीप्रमाणे सदरा छातीशी फाडला होता आणि फाडलेला दिसू नये म्हणून वर दुसरा चढवला होता.

"ऐकलंत सगळ्यांनी," याईश म्हणाला.

मग शुक्र आईकडे पाहून म्हणाला, "आई, त्याला विचार, कोणाला सांगितलं त्यानं."

सहा वर्षांपूर्वी वस्तीत तट पडले, तेव्हापासून हे दोघे भाऊ एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते. शुक्रचा तट गूढग्रंथ, ताईत आणि देवदूत मानणारा. याईशचा तट म्हणे, मूळ शास्त्रात जे नाही ते भुसा, पाखडून टाका. दोन्ही तटांनी एकमेकांविरुद्ध सरकारात अर्ज केले होते, आणि दोघा भावांचे अंगठे दोन वेगळ्या अर्जांवर उमटले होते. घरातला निरोप्या हारून होता. "याईशला सांग, वरचं छप्पर गळतंय." "शुक्रला सांग, तोंड नाही का त्याला." असे करत हारूनने सहा वर्षे काढली, आणि दोन्हीकडचे शब्द वाटेत जरा मऊ करून पोचवले. आता निरोप्या कोठीत होता.

"मी कोणाला सांगणार?" याईश सरळ शुक्रला म्हणाला. "मी घरातच आहे पहाटेपासून."

शुक्र दचकला. आवाज थेट आपल्याकडे आल्याची त्याला सवय राहिली नव्हती.

"घरात तर मीही आहे," तो म्हणाला.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"खंजिराची म्यान पोचवायला. शिपायांच्या कोठीवर. त्यात काय? काल हारून जिवंत होता."

"जिवंत होता, पण रात्र काढणार नाही हे दिसत होतं. अरकाचे दोन पेले पोटात गेले की तुझ्या पोटातलं ओठावर येतं, हे वस्तीला ठाऊक आहे."

"आणि तू टांकसाळीत रोज कोणाच्या मांडीला मांडी लावून बसतोस, तेही वस्तीला ठाऊक आहे. चांदीचा कस बघता बघता माणसांचाही बघायला लागलास. बघ, लाव कसाच्या दगडावर, काढ माझा ओरखडा."

"आवाज," लुलुआ चुलीजवळून म्हणाली. "भिंतीला कान आहेत म्हणतात, आणि तुम्हा दोघांना तोंडं आहेत."

याईशने आवाज उतरवला. कोण कधी जागे झाले, कोण कुठे होते, हे त्याने एकेकाला विचारले. टांकसाळीत एखादी लगड हलकी भरली की तो असेच करी: आधी तराजू तपासायचा, मग वजने, आणि सगळ्यांत शेवटी माणसे. इथे तराजू नव्हता. लुलुआ आणि नद्रा शेवटच्या घटकेला हारूनच्या उशापायथ्याशी होत्या. शुक्र स्तोत्रे पुटपुटत होता. हमामाला नंतर उठवले. बद्राने मुलाचे डोळे मिटले, आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन बसली, कारण तिला फक्त तिथेच बसवत होते. अडसर हलला असता तर सगळ्यांना ऐकू आले असते. त्याचे लाकूड गाढवासारखे ओरडत असे.

"झालं विचारून?" नद्रा म्हणाली. पहाटेपासूनचे तिचे हे पहिले वाक्य. "आता मी विचारते. किल्ल्या कोणाकडे होत्या, भाऊजी?"

"माझ्याकडे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग दार उघडायची सोय एकट्या तुम्हालाच होती. मी म्हणत नाही तुम्ही उघडलंत. पण तुमचाच हिशेब तुम्हाला लावला तर काय निघतं, ते बघा."

हिशेब बरोबर होता.

नद्राने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ज्यानं कोणी मुक्बिलला हे सांगितलं, त्याला मसऊदचंही ठाऊक आहे. या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी पोरीला विहिरीवर पाठवायची, आणि तिथं शिपाई उभे असायचे. पोर तर जाईलच. वर मसऊद आणि त्याची बायकोही जाईल, चोरून नेत होते म्हणून. कोणी सांगितलं हे मला कळल्याशिवाय मी हिला या दारातून सोडत नाही."

"आणि इथं ठेवलीस तर कारकून नेईल," शुक्र म्हणाला.

"नेईल. पण मग कोणी नेली एवढं तरी मला माहीत असेल."

"नद्रा बरोबर बोलतेय," लुलुआ म्हणाली, आणि चुलीजवळून उठून जावेच्या बाजूला जाऊन बसली. याईशने बायकोकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही. बावीस वर्षांच्या संसारात लुलुआने उघडपणे दुसऱ्याची बाजू घेतल्याचे त्याला आठवत नव्हते.

तो गच्चीवर गेला. कुलूप उघडताना किल्ली त्याने जरा वर धरली, म्हणजे खालून ती दिसावी. मग आपण कोणाला काय सिद्ध करून दाखवतो आहोत हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कठड्याच्या फटीतून गल्ली दिसत होती. उतार उत्तर दरवाज्याकडे होता आणि उताराच्या टोकाला मुक्बिल आपल्या दगडावर बसला होता. दक्षिणेकडची विहीर इथून दिसत नव्हती. चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. सारी वस्ती जुन्या भाकरीच्या रंगाची झाली होती. पण गल्ली ओली होती. शेजारची तुर्किया, तिच्या पलीकडची, आणि समोरची, अशा तीन घरांच्या बायका दारात गालिचे पसरून घागरींनी पाणी ओतत होत्या, काठ्यांनी बडवत होत्या. वस्तीत धुणी गुरुवारी होतात, शनिवारच्या शब्बाथच्या तोंडावर. मंगळवारी, तेही पाण्याच्या अशा टंचाईत, गालिचा कोणी धूत नाही. बायका आपसांत बोलतही नव्हत्या. तुर्कियाने एकदा मान वर करून थेट या कठड्याकडे पाहिले, आणि पुन्हा बडवू लागली.

गल्लीत काहीतरी चालले होते आणि त्याला त्याचा अर्थ लागत नव्हता. आपल्या दारावर पहारा ठेवायला या बायकांना कोणी बसवले आहे का, असाही विचार त्याच्या मनात आला. पन्नास वर्षे ज्यांच्या घरचा विस्तव आपल्या चुलीत आणला त्या बायकांबद्दल हा विचार आला, यावरून भीतीचे काम किती झटपट चालते हे त्याला कळले. ती आधी घरात शिरते, मग गल्लीत.

तो खाली आला तेव्हा शुक्र कोठीच्या उंबऱ्यात उभा होता.

"दादा," तो म्हणाला. सहा वर्षांनी.

"काय?"

"पोरीचं काय व्हायचं ते होईल. पण तो कारकून येऊन याच्या तोंडावरची चादर ओढणार. त्यानं याला असा बघायचा? घामेजलेला, दाढीत थुंकी सुकलेली? निदान अंघोळ घालू. तुझ्या शास्त्रात आहे ना अंघोळ, की तीही भुसा?"

"आहे," याईश म्हणाला. "घालू."

नद्राने दोघांकडे पाहिले. हारूनला हे ऐकायला मिळायला हवे होते, असे तिच्या चेहऱ्यावर होते.

लुलुआ घागर घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून घागर रांजणाच्या तळाला आपटल्याचा कोरडा आवाज आला. मग दुसऱ्या रांजणाचा. मग तिसऱ्याचा. ती रिकामी घागर घेऊन दारात आली.

"पाणी नाहीये."

"असं कसं? काल संध्याकाळी पखालवाल्यानं तिन्ही भरलेत. मी उभा होतो."

"भरले असतील. आता रिकामे आहेत. तळाला ओल आहे नुसती."

कोणी काही विचारायच्या आधीच बद्रा भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली, "मी ओतलं."

"तू ओतलंस?"

"घरात माणूस मेलं की साठवणीचं पाणी ओततात. माझ्या आईच्या घरी ओतत होते. तिच्या आईच्या घरी ओतत होते."

"या घरात ओतत नाहीत," याईश म्हणाला. "बाबा गेले तेव्हाच ठरलं होतं. मृत्यूचा देवदूत म्हणे रांजणात सुरी धुतो. सुरी! सहा वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं होतं, आई, की मूळ शास्त्रात हे कुठंही…"

"सांगितलं होतंस. म्हणून तर तुला न विचारता ओतलं." म्हातारीचा आवाज चढला नाही. "तुझ्या बापाच्या वेळी मी तुझं ऐकलं. मग सहा वर्षं रोज ते पाणी प्याल्यासारखं वाटायचं. हारूनच्या वेळी नाही ऐकणार म्हटलं. वाडग्यावाडग्यानं ओतलं, मोरीच्या कडेनं. आवाज करू नका, असं तूच सांगितलं होतंस ना. एवढासुद्धा आवाज केला नाही मी."

मोरी. याईशचे डोळे स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे गेले. मोरीचे भोक भिंतीतून उंबऱ्याशेजारी गल्लीत निघत होते. घराची दोन्ही दारे बंद होती. तिसरे भोक दार म्हणून कोणी मोजलेच नव्हते.

"सुरीचं एक कारण झालं," शुक्र हळूच म्हणाला. "ग्रंथात आणखी एक दिलंय."

"कोणतं?"

"वाईट बातमी तोंडानं सांगू नये म्हणून. दारात पाणी दिसलं की शेजाऱ्यांनी समजायचं, या घरात कोणीतरी गेलं. कोणाला बोलावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. तुला त्या वेळी मी दोन्ही सांगणार होतो. तू सुरीवरच हसायला लागलास. मग मी पुढं बोललो नाही."

याईश खाली बसला. पायरीवरचे ओले ठसे त्याला आठवले. चार महिने पाऊस नसलेल्या गल्लीतून मुक्बिल ओल्या पायांनी आला होता, आणि तेव्हा गालिचे अजून बाहेर निघायचे होते. मग त्याला प्रश्नांचा क्रम आठवला.

"ऐका," तो म्हणाला. "नद्रा, तू नीट ऐक. मुक्बिलनं आधी काय विचारलं?"

"हारूनची पोर कुठंय."

"नाही. ते नंतर. आधी विचारलं, म्हातारी कशी आहे. मला वाटलं, रीत म्हणून विचारतोय. अकरा वर्षांत त्यानं कधी आईची चौकशी केली नव्हती. विचार कर. घरातल्या कोणी त्याला सांगितलं असतं, तर 'हारून गेला' असंच सांगितलं असतं. मग तो आईचं कशाला विचारेल? त्याला एवढंच ठाऊक होतं की या घरात कोणीतरी मेलंय. कोण, ते ठाऊक नव्हतं. माणूस सांगतो तेव्हा नावानिशी सांगतो. पाण्याला नाव सांगता येत नाही."

"पुढं?" नद्रा म्हणाली.

"या घरात मरण्याजोगी दोनच माणसं होती, एक म्हातारी आणि एक आजारी. मी म्हणालो आई बरी आहे. आई आतून बोलली. म्हणजे उरला हारून. कोण गेलं ते त्याला मीच सांगितलं, नद्रा. आणि घरात रोजचे आवाज करा म्हणणारा मीच."

नद्राने हे सगळे एकदा मनात फिरवून पाहिलेले दिसले. ती चांदीचे वर्ख लावणाऱ्या घरातली होती. पातळ वस्तू फाटते कुठे हे तिला हाताने कळे.

"म्हणजे मसऊदचं त्याला ठाऊक नाही."

"पाण्याला मसऊद ठाऊक नव्हता."

"आणि तुमची चूक झाली असेल तर?"

"तर झालीच," याईश म्हणाला. "याहून चांगला कस मला लावता येत नाही."

नद्रा उठली. पेटीतून तिने जाड्याभरड्या निळ्या कापडाची टोपडी काढली, खेड्यातल्या मुली घालतात तशी, मानेपर्यंत उतरणारी. मग हमामाच्या डोक्यावरची टोपडी उतरवली. तिच्या कपाळपट्टीला हारूनने स्वतः तारेतून विणलेली चांदीची झालर होती. कुंभाराच्या मुलीच्या कपाळावर ती पाहून आंधळ्या पहारेकऱ्यानेही गाढव थांबवले असते. नद्राने ती टोपडी घडी न घालता कोठीत नेली आणि हारूनच्या हाताखाली सरकवली.

"मी बाबांना बघू?" हमामाने विचारले.

"बघ. पण रडायचं ते एडनला जाऊन. इथं नाही."

मुलगी आत गेली आणि फार लवकर बाहेर आली. नवी टोपडी तिला मोठी होत होती. तिने याईशला विचारले, "काका, आजीनं पाणी ओतलं म्हणून शिपाई आला?"

खोलीतला प्रत्येकजण याईशकडे पाहू लागला, बद्रा सोडून. ती आपल्या हातांकडे पाहत होती.

"आजीनं पाणी ओतलं," तो सावकाश म्हणाला, "आणि मी तिला ओतू नको म्हणून दटावलं होतं, म्हणून तिनं ते मला न विचारता ओतलं. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, दुपारपर्यंत थांब. दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून शिपाई आला. एकच झाली असती तर आला नसता."

मुलीने मान हलवली. ती बद्राकडे गेली आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांचे मुके घेतले, जसे सणाच्या सकाळी घेत असे. म्हातारीने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद पुटपुटला. त्यात देवदूतांची नावे होती, चारही. याईश ऐकत राहिला.

जायचे ते गच्च्यांवरून. तुर्कियाच्या घराला मागच्या गल्लीत दार होते, आणि मागची गल्ली दक्षिण दरवाज्याला निघत होती. तुर्कियाला काय सांगायचे, किती सांगायचे, हे ठरवतच याईश हमामाचा हात धरून वर आला. सांगायची वेळ आली नाही. तुर्किया कोपरापर्यंत ओल्या हातांनी मधल्या भिंतीपलीकडे उभी होती.

"किती उशीर लावलात," ती म्हणाली. "दे तिला इकडं."

"तुला ठाऊक होतं?"

"तांबडं फुटताना दार उघडलं तर तुमच्या मोरीतून ओघळ चाललेला. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. रडण्याचा आवाज नाही, म्हणजे काय ते समजलो. नियमानं आजूबाजूच्या तीन घरांनीही आपलं पाणी ओतायला हवं. आम्ही नाही ओतलं. देव बघून घेईल." तिने हमामाला काखेत धरून भिंतीवरून उचलले. "मग म्हटलं, एकट्या तुमच्याच दारात ओल नको. काढले गालिचे. पण तोवर मुक्बिल येऊन गेला होता. घटकाभर आधी सुचायला हवं होतं."

"तुर्किया, मी सकाळी वरून तुम्हाला बघितलं तेव्हा…"

"बघितलंस ना. मीही तुला बघितलं. आता जा खाली. पोर दरवाज्याबाहेर पडली की लाल गालिचा कठड्यावर टाकीन. ओला आहे मेला, उचलायला दोघी लागतील."

दुपारची बांग झाली. शुक्र याईशच्या शेजारी बसला होता, आणि त्यांच्यामध्ये हारून बसू शकेल एवढी जागा राहिली होती. बांगेनंतर नमाज संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. नद्रा अंगणाच्या मधोमध उभी राहून शेजारच्या कठड्याकडे पाहत होती. कठडा कोरडा, मातकट, रिकामा होता. दाराबाहेर कोणाचे तरी बोलणे ऐकू आले. त्यांतला एक आवाज मुक्बिलचा होता. याईशने किल्ली काढली, आणि ती कुलपात घालायच्या आधी वर पाहिले.

लाल गालिचा कठड्यावर पडला होता आणि त्यातून पाणी निथळत होते.

"आई," नद्रा म्हणाली, "आता."

आणि बद्राने, पहाटेपासून छातीत धरून ठेवलेला, हंबरडा फोडला. तिला लुलुआची साथ मिळाली, मग भिंतीपलीकडून तुर्कियाची, मग समोरच्या घराची. कारकून आत आला तेव्हा चारही बाजूंनी रडणे चालले होते आणि त्याला प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. त्याने चादर उचलली, मेलेला माणूस पाहिला. मुलगी विचारली. गेल्या महिन्यात आजोळी गेली, असे सांगण्यात आले. त्याने खोल्या पाहिल्या, पेट्या पाहिल्या, तिन्ही रांजणांत डोकावून पाहिले. रांजण रिकामे का, हे त्याने विचारले नाही. दाराशी उभ्या असलेल्या मुक्बिलने एकदा रांजणांकडे आणि एकदा याईशकडे पाहिले, आणि सकाळी 'झोपलीय' असे ऐकल्याचे कारकुनाला न सांगता जमिनीकडे पाहत राहिला. आजोळ कुठले, हे कारकुनाने विचारले तेव्हा शुक्रने उत्तरेकडच्या एका गावाचे नाव सांगितले, आणि याईशने त्याला दुजोरा दिला.

ते गेल्यावर तुर्कियाने पाण्याच्या दोन घागरी आणल्या. दोघा भावांनी मिळून हारूनला अंघोळ घातली.

कारण एवढेच होते. शिपायाला कोणी काही सांगितले नव्हते. घरात मृत्यू झाला की साठवणीचे पाणी दारी ओतायचे, म्हणजे शेजाऱ्यांना तो शब्दावाचून कळतो, अशी ती रीत. त्या पहाटे ती बिनचूक चालली. मुक्बिल अकरा वर्षे त्याच गल्लीच्या उताराला बसत होता. तोही शेजारीच होता.